स्कॉट्सडेल : उन्हाच्या वेळापत्रकाने पाहायचे वाळवंटी उपनगर

ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल हे फिनिक्स महानगराच्या पूर्वेला लागून असलेले, सोनोरन वाळवंटात वसलेले उपनगर आहे. वर्षाला येथे जेमतेम 180 ते 200 मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईच्या पावसाळ्यात एवढा पाऊस एखाद्या दिवसात पडून जातो. शहराच्या उत्तर भागात मॅकडॉवेल डोंगररांग उभी आहे, तर दक्षिण टोकापासून 16 लाखांवर वस्तीचे फिनिक्स मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. शेजारच्या टेम्पी आणि चँडलर या उपनगरांत मराठी कुटुंबे राहतात. मुलांकडे काही आठवडे राहायला आलेले आई-वडील, अमेरिकेच्या इतर भागांतून थंडी चुकवायला आलेली मंडळी आणि कामानिमित्त येऊन दोन दिवस जोडून घेणारे, अशा तिघांनाही उपयोगी पडेल या हेतूने हा लेख लिहिला आहे.

त्याचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे. येथे दिवसाची आखणी ठिकाणांच्या यादीवरून करू नये, उन्हावरून करावी. कोणत्या वेळी डोंगरावर असावे, कोणत्या वेळी छपराखाली जावे आणि कोणत्या वेळी पुन्हा बाहेर पडावे, हे एकदा ठरले की ठिकाणे आपोआप जागच्या जागी बसतात.

केव्हा जावे

नोव्हेंबर ते एप्रिल हा खरा हंगाम. जानेवारीत दुपारचे तापमान 20 अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि रात्री ते 7-8 अंशांपर्यंत उतरते, त्यामुळे वाळवंटात जायचे म्हणून स्वेटर घरी ठेवण्याची चूक करू नये. मार्च-एप्रिलमध्ये पालो वेर्दे ही हिरव्या सालीची झाडे पिवळ्या फुलांनी भरून जातात. मेच्या अखेरीस सवारो निवडुंगाच्या माथ्यावर पांढरी फुले येतात, पण तोवर पारा चाळिशीला पोचलेला असतो.

अडचण अशी की भारतातून येणारे आई-वडील बहुधा मे ते ऑगस्टमध्येच येतात, कारण नातवंडांच्या शाळेला तेव्हा सुटी असते. आपला उन्हाळा टळला असे वाटत असताना ते त्याहून कडक उन्हाळ्यात येऊन पडतात. फिनिक्समध्ये 26 जून 1990 रोजी 122 अंश फॅरनहाइट, म्हणजे 50 अंश सेल्सियस तापमान नोंदवले गेले. 2023 साली सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 अंश सेल्सियस किंवा त्याहून वर होता. येण्याचा महिना आपल्या हातात असेल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा एप्रिलचा पूर्वार्ध निवडावा. जानेवारी ते मार्च हवा उत्तम असली तरी जुन्या मोटारींचे लिलाव, फेब्रुवारीतील गोल्फची मोठी स्पर्धा आणि मार्च अखेरपर्यंत चालणारे बेसबॉल संघांचे सराव सामने यांमुळे हॉटेलांचे दर चढलेले असतात. उन्हाळ्यात तीच हॉटेले बरीच स्वस्त मिळतात, आणि पहाटे उठण्याची ज्यांची तयारी आहे त्यांना तेही जमण्यासारखे आहे. खोली आरक्षित करताना दाखवलेल्या भाड्यावर कर आणि रिसॉर्ट फी वेगळी लागते का, हे अंतिम रक्कम पाहूनच ठरवावे.

मुक्काम, गाडी आणि घड्याळ

स्कॉट्सडेल उत्तर-दक्षिण सुमारे 50 किलोमीटर लांब आहे, त्यामुळे मुक्काम कुठे करायचा या प्रश्नाला येथे मोठे महत्त्व येते. दक्षिणेकडील ओल्ड टाउन भागात पायी हिंडता येते, नगरपालिकेची ट्रॉली बस फुकट असते आणि स्काय हार्बर विमानतळ सुमारे 15 किलोमीटरवर आहे. उत्तर भागात डोंगर अंगणाशी येतात, पण दूध आणायलाही गाडी लागते. गाडी चालवणार नसाल तर ओल्ड टाउनला पर्याय नाही. कुटुंबासह आणि गाडीने फिरणार असाल तर शहराच्या मध्यावरून जाणाऱ्या शिया बुलेव्हार्डच्या आसपास राहावे, असे मी सुचवीन. तेथून डोंगरवाटा, ओल्ड टाउन आणि पूर्वेचे फाउंटन हिल्स ही तिन्ही ठिकाणे सोयीची पडतात.

फिनिक्सची लाइट रेल स्कॉट्सडेलपर्यंत येत नाही. विमानतळावरून स्काय ट्रेन ही विनामूल्य गाडी थेट भाड्याच्या मोटारींच्या केंद्रापर्यंत नेते. चालकाविना धावणाऱ्या वेमोच्या टॅक्सीही या भागात सर्रास मिळतात. संध्याकाळच्या छोट्या फेरीला त्या सोयीच्या आहेत, मात्र डोंगराच्या पायथ्याशी पहाटे पोचण्यासाठी स्वतःची गाडी असलेली बरी. रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि टोल कुठेही नाही.

ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यासाठी पुढे केले जात नाही. त्यामुळे भारताशी फरक वर्षभर साडेबारा तासांचाच राहतो : तेथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. कॅलिफोर्नियातून येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ एकच असते आणि हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे असते. भारतातून आलेल्यांना पहिले चार-पाच दिवस पहाटे तीन-साडेतीनलाच जाग येते. अन्य शहरांत याचा त्रास होतो, येथे मात्र त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि डिसेंबरअखेरीस साडेसातला. त्याआधी चहा घेऊन तयार असणे आपल्याला आयतेच जमून जाते.

पाणी आणि कोरडी हवा

नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला इथल्या उन्हाची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. उन्हाळ्यात दुपारी हवेतील आर्द्रता पुष्कळदा 10 टक्क्यांच्याही खाली असते. घाम फुटतो, पण कपडा भिजण्याआधीच तो उडून जातो. घाम दिसत नाही म्हणून शरीरातले पाणी चाललेले कळत नाही. कोकणातल्या माणसाला निथळणारा घाम जी सूचना देतो ती येथे मिळतच नाही. पहिल्या भेटीत एप्रिलमधल्या एका सकाळी दहा वाजता मी अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन टेकडीवर गेलो. हवा सुखद होती आणि तहान अशी लागलीच नव्हती. परतीच्या वाटेवर डोके ठणकू लागले, बोटे सुजल्यासारखी वाटू लागली आणि पुढची दुपार अंधाऱ्या खोलीत काढावी लागली. तेव्हापासून मी तहानेवर विसंबत नाही, घड्याळ पाहून पाणी पितो.

हिवाळ्यात चालताना माणशी दर तासाला अर्धा लिटर आणि उन्हाच्या दिवसांत एक लिटर हे प्रमाण धरावे. सोबतचे पाणी निम्मे संपले की, माथा कितीही जवळ दिसत असला तरी, मागे वळावे. तिथल्या डोंगरवाटांवरचा हा रूढ नियम आहे. नुसते पाणी पुरत नाही, मीठही जाते. भारतातून येताना ओआरएसची पाकिटे आणावीत किंवा घरचे लिंबू-मीठ-साखरेचे सरबत बाटलीत भरून घ्यावे. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि पायात बंद बूट असावेत. ओठ फुटणे आणि नाकातून थोडे रक्त येणे हे पहिल्या आठवड्यात सामान्य आहे. झोपताना ओठांना थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले की बराच आराम पडतो.

उन्हाळ्यात आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. भर दुपारी इथले डांबर 70 अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि त्यावर काही क्षण अनवाणी पाय टेकला तरी भाजते. देवळात किंवा कुणाच्या घरी जाताना गाडीतच चपला काढून ठेवण्याची सवय असलेल्यांनी ती येथे सोडावी. उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीतील पट्ट्याची धातूची कडी लहान मुलांच्या मांडीला लागू देऊ नये, आणि मुलांना बंद गाडीत एक मिनिटही ठेवू नये.

डोंगरावरची सकाळ

मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह हे 30,000 एकरांहून मोठे राखीव क्षेत्र शहराच्या हद्दीतच आहे. बांधकामे डोंगरावर चढू लागली तेव्हा स्कॉट्सडेलच्या नागरिकांनी 1995 साली मतदान करून स्वतःवर जादा विक्रीकर लावून घेतला आणि त्या पैशातून ही जमीन विकत घेतली जाऊ लागली. आज तेथे 200 मैलांहून अधिक लांबीच्या पायवाटा आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांसाठी झगडलेल्या कुणालाही या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

पहिल्या दिवसासाठी गेटवे हा पायथा निवडावा, कारण तेथे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि मोठा वाहनतळ आहे. क्षेत्र सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते. हंगामात सुटीच्या दिवशी वाहनतळ लवकर भरतो, म्हणून उजाडतानाच पोचावे. सोबत वयस्कर माणसे किंवा बाबागाडी असेल तर बहादा नेचर ट्रेल ही सुमारे अर्ध्या मैलाची सपाट वाट पुरेशी आहे. तिच्यावर चाकाची खुर्चीही जाते. चालायची सवय असलेल्यांनी त्यानंतर गेटवे लूप घ्यावा. हा साडेचार मैलांचा, म्हणजे सात किलोमीटरांच्या आसपासचा फेरा आहे आणि मधल्या खिंडीपर्यंतचा चढ सह्याद्रीतील गडांच्या मानाने सौम्य आहे. थांबत-पाहत गेल्यास अडीच-तीन तास लागतात. वाटेत सायकलस्वार भेटतात. नियमाने त्यांनी पायी चालणाऱ्यांना वाट द्यायची असते आणि घोडा आला तर दोघांनीही बाजूला व्हायचे असते.

या फेऱ्यात घाई करू नये. वाटेवर जो उंच, हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा निवडुंग आहे त्याच्या नावाचा उच्चार सवारो असा करतात. तो सोनोरन वाळवंटाखेरीज जगात कुठेही आपसूक उगवत नाही. पहिल्या आठ वर्षांत त्याची वाढ जेमतेम इंच-दीड इंच होते, आणि पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे, काही वेळा त्याहून अधिक लागतात. म्हणजे हात फुटलेला सवारो हा बहुधा आपल्या आजोबांच्या वयाचा असतो. लहान रोप पुष्कळदा पालो वेर्देच्या सावलीत वाढते, म्हणून झाडाखाली नीट पाहावे. बोटाएवढा सवारो तेथे दिसू शकतो. त्याच्या अंगावरच्या उभ्या चुण्या पावसानंतर पाणी भरले की फुगतात आणि कोरड्या काळात आत जातात. त्याला इजा करणे किंवा तो उपटून नेणे हा राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

चोया नावाचा दुसरा निवडुंग मात्र दूरूनच पाहावा. सकाळच्या उन्हात त्याचे काटे सोनेरी लवेसारखे चमकतात आणि हात लावायचा मोह होतो. त्याचे गोळे नुसत्या ओझरत्या स्पर्शानेही तुटून अंगाला चिकटतात. आमच्याबरोबर आलेल्या काकांच्या पायात सँडल होत्या. त्यांच्या टाचेला असा एक गोळा लागला आणि तो काढायला गेलेल्या हाताच्या दोन बोटांतही काटे रुतले. काट्यांच्या टोकांना सूक्ष्म उलट्या कुसळ्या असतात, म्हणून ते सहज रुततात आणि निघताना मांस ओढतात. अशा वेळी हात न लावता रुंद दातांचा कंगवा गोळ्याच्या खाली सरकवून एका झटक्यात तो दूर उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. कंगवा आणि चिमटा पिशवीत असलेच पाहिजेत.

फेरा संपण्यापूर्वी वाटेकडेचे एक बुटके, बारीक चिकट पानांचे झुडूप शोधावे. त्याचे नाव क्रिओसोट. त्याची डहाळी न तोडता दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावी, तोंड जवळ नेऊन तीवर उबदार श्वास सोडावा आणि मग वास घ्यावा. श्वासातल्या ओलाव्यानेच पानांवरचे राळेसारखे द्रव्य दरवळू लागते. या प्रदेशात पहिला पाऊस पडतो तेव्हा जो गंध सुटतो, तो मुख्यतः या झुडपाचा असतो. मृद्गंधावर जीव असलेल्या मराठी माणसाने एवढे तरी केल्याशिवाय तेथून निघू नये.

साप-विंचवांविषयी थोडक्यात : मार्च ते ऑक्टोबरमध्ये रॅटलस्नेक वाटेवर दिसू शकतो. शेपटीचा खुळखुळ्यासारखा आवाज आला की थांबावे, तो कुठे आहे ते पाहावे आणि मागे सरून त्याला जाऊ द्यावे. दगडांच्या कपारीत हात घालू नये. पायथ्याच्या घरांत विंचू निघतात, म्हणून बूट झटकून घालावेत.

फिनिक्सच्या हद्दीतील कॅमलबॅक हा उंटाच्या आकाराचा 2,700 फूट उंचीचा डोंगर फार प्रसिद्ध आहे आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना तो चढायचा असतो. त्याचा इको कॅनियन मार्ग लांबीने लहान असला तरी 1,200 फुटांहून अधिक चढ असलेला आहे, काही ठिकाणी लोखंडी कठड्याला धरून चढावे लागते आणि सावली जवळजवळ नाही. दरवर्षी तेथून माणसे हेलिकॉप्टरने उतरवावी लागतात. अतिउष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी महापालिका तो मार्ग सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवते. गेटवेचा फेरा सहज झाला असेल तरच, हिवाळ्यात आणि उजाडताना, त्याचा विचार करावा.

दुपार छपराखाली

सकाळी दहाच्या आत (हिवाळ्यात बाराच्या आत) डोंगर सोडावा. हिवाळ्यातील दुपार टॅलिएसिन वेस्टला द्यावी. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने 1937 पासून मॅकडॉवेलच्या पायथ्याशी उभारलेले हे त्याचे हिवाळी घर आणि कार्यशाळा, 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या भिंती जवळून पाहाव्यात. वाळवंटातले मोठे दगड लाकडी साच्यात, सपाट बाजू बाहेर ठेवून रचले आणि मधल्या पोकळीत काँक्रीट ओतले. त्यामुळे भिंतीचा रंग आणि मागच्या डोंगराचा रंग एकच आहे. फेरीचे तिकीट आधी काढावे लागते. फेरीचा बराच भाग उघड्यावर असल्याने उन्हाळ्यात सकाळची पहिली वेळ घ्यावी.

कडक उन्हाच्या दुपारी म्युझिकल इन्स्ट्रुमेंट म्युझियमला पर्याय नाही. 2010 साली उघडलेले हे वाद्यसंग्रहालय फिनिक्सच्या उत्तर भागात, स्कॉट्सडेलच्या सीमेजवळ आहे. कानाला लावायला दिलेले यंत्र ज्या वाद्यासमोर उभे राहावे त्याचा आवाज ऐकवते. भारतीय वाद्यांचाही विभाग आहे, आणि आई-वडील तेथून लवकर हलत नाहीत हा माझा अनुभव आहे. चार तास सहज जातात. आदिवासी समाजांच्या कलेसाठी मध्य फिनिक्समधील 1929 चे हर्ड म्युझियम पाहावे.

ते पाहिल्यावर या शहराखालची जमीन वेगळी दिसू लागते. आज होहोकाम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी सॉल्ट नदीचे पाणी शेकडो मैलांच्या कालव्यांनी या खोऱ्यात खेळवले होते. साधारण 1450 पर्यंत त्यांची वस्ती होती. एकोणिसाव्या शतकात आलेल्यांनी त्यांचेच जुने कालवे उकरून शेती सुरू केली. 1885 मध्ये ॲरिझोना कालवा पूर्ण झाला आणि 1888 मध्ये विनफील्ड स्कॉट या लष्करी धर्मोपदेशकाने त्याच्या लाभक्षेत्रात 640 एकर जमीन घेतली. गावाला त्याचेच नाव आहे. होहोकामांचा वारसा सांगणारे ओऑडम लोक आणि त्यांच्यासोबत पीपाश लोक आजही स्कॉट्सडेलच्या पूर्व सीमेला लागून, स्वतःच्या सॉल्ट रिव्हर समुदायाच्या भूमीवर राहतात. ते पिकवत आलेले टेपरी नावाचे कडधान्य आपल्या मटकीसारखेच कमी पाण्यावर तग धरणारे आहे आणि कुठे मिळाले तर जरूर विकत घ्यावे.

संध्याकाळ

ऊन कलले की ओल्ड टाउनमध्ये त्याच ॲरिझोना कालव्याच्या काठाने चालावे. तेथे पाओलो सोलेरी या वास्तुविशारदाचा 2010 मध्ये झालेला पादचारी पूल आहे. त्याच्या उंच स्तंभांची रचना माध्यान्हीच्या सूर्याला धरून केली आहे, त्यामुळे हिवाळ्यात एखाद्या दिवशी साडेबाराच्या सुमारासही तेथे जाऊन सावली पाहावी. गुरुवारी संध्याकाळी चित्रदालने उशिरापर्यंत उघडी असतात आणि आत जायला पैसे लागत नाहीत. जेवणात मेक्सिकन पदार्थ शाकाहाऱ्यांना जवळचे वाटतात, पण शिजवून घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी घालतात का, हे दर वेळी विचारावे.

एक संध्याकाळ फाउंटन हिल्ससाठी राखून ठेवावी. शिया बुलेव्हार्डने पूर्वेला अर्ध्या तासात हे छोटे गाव येते. 1970 साली बसवलेले तिथले कारंजे सकाळी नऊ ते रात्री नऊ दर तासाला पंधरा मिनिटे उडते. तिन्ही पंप लावले तर ते 560 फुटांपर्यंत जाते, एरवी सुमारे 300 फूट. त्यासाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात, आणि वारा असेल तर ते बंद ठेवतात. गावाने रस्त्यावरचे दिवे मंद ठेवून 2018 मध्ये गडद आकाशाचे गाव म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवली, म्हणून अंधार पडेपर्यंत थांबावे. हिवाळ्यात पूर्वेला फोर पीक्स या शिखरांवर बर्फ दिसते.

ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ येथून सुमारे 230 मैलांवर आहे आणि एका बाजूने साडेतीन-चार तास लागतात. एका दिवसात जाऊन येण्याचा बेत बहुतेक जण करतात. मी तसे करू नये असे सांगेन. तो काठ 7,000 फुटांवर आहे, हिवाळ्यात तेथे बर्फ असते आणि साडेपाचलाच अंधार होतो. एक रात्र तेथे काढावी किंवा हा बेत पुढच्या वेळेसाठी ठेवावा.

पावसाळ्यात असाल तर

15 जून ते 30 सप्टेंबर हा तिथला मान्सून, आणि त्याला ते मान्सूनच म्हणतात. त्याची दोन रूपे धोक्याची असतात. एक हबूब, म्हणजे हजारो फूट उंच धुळीची भिंत. महामार्गावर ती समोर आली तर गाडी रस्त्यापासून शक्य तितकी दूर घ्यावी, सर्व दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरून पाय काढावा. दिवे चालू ठेवल्यास मागचा चालक त्यांना रस्ता समजून येऊन धडकतो. दुसरे म्हणजे कोरड्या ओढ्यांना काही मिनिटांत येणारा लोंढा. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी येथे येते. अडसर लावलेल्या, पाण्याखालच्या रस्त्यात गाडी घालणाऱ्याकडून 1995 च्या कायद्यानुसार सुटकेचा खर्च वसूल होऊ शकतो.

परतल्यावर

या मातीत कॉक्सिडिओइड्स नावाची बुरशी असते. धुळीबरोबर ती फुप्फुसात गेल्यास काहींना व्हॅली फीव्हर होतो. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण लक्षणे दिसल्यास ती एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे पुष्कळदा माणूस घरी परतल्यावर दिसतात : ताप, कोरडा खोकला, कमालीचा थकवा. भारतात ही बुरशी स्थानिक नसल्याने डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येत नाही आणि फ्लू, न्यूमोनिया किंवा क्षय समजून उपचार सुरू होतात. नेहमीच्या प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नसतो. रक्ताच्या चाचणीने त्याचे निदान होते. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी अधिक जपावे. परतल्यानंतर महिनाभरात असा ताप-खोकला रेंगाळला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ॲरिझोनाला जाऊन आल्याचे सांगावे आणि प्रवासाच्या तारखा कागदावर लिहून द्याव्यात.